क्रूझवर पोट बिघडलं तर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

क्रूझच्या प्रवासाबद्दल आलेल्या पत्रांमध्ये या वेळी बहुतेकांची काळजी एकच आहे : बोटीवर पसरणारे जुलाब आणि उलट्या. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची फक्त गावं छापली आहेत.

प्रश्न (ठाणे) : मुलगा अमेरिकेत आहे. जानेवारीत तो आम्हा दोघांना मायामीहून सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझला नेणार आहे. आमची वयं ६६ आणि ७१. बोटीवर शेकडो लोक आजारी पडल्याच्या बातम्या सारख्या वाचनात येतात. जावं की नको?

उत्तर : जरूर जा. आधी आकडे बघा. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी हिच्या नोंदींनुसार २००८ ते २०१४ या काळात तिच्या देखरेखीखालच्या बोटींवरून सुमारे ७ कोटी ३६ लाख लोकांनी प्रवास केला. त्यांतल्या १,२९,६७८ जणांना जुलाब-उलट्या झाल्याची नोंद आहे, म्हणजे ०.१८ टक्के. त्यातही नोरोव्हायरस (थोडक्यात नोरो) या जुलाब-उलट्यांच्या विषाणूच्या साथीत सापडलेले दहातले एक. अर्थात दवाखान्यात जाऊन ज्यांनी सांगितलं तेवढेच यात मोजले गेले. लपवणारे या हिशेबात नाहीत.

बोटींच्या बातम्या जास्त होतात, कारण बोटीवर मोजदाद सक्तीची आहे. परदेशी बंदराहून अमेरिकी बंदरात येणाऱ्या आणि १३ किंवा जास्त प्रवासी नेणाऱ्या बोटीला, कोणी आजारी असो-नसो, बंदरात शिरण्यापूर्वी रुग्णांचा आकडा कळवावाच लागतो. प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी २ टक्के आजारी झाले की वेगळा अहवाल द्यावा लागतो आणि ३ टक्क्यांवर बोटीचं नाव सीडीसीच्या संकेतस्थळावर जाहीर होतं. २०२३ मध्ये अशा १४ साथी जाहीर झाल्या, २०२४ मध्ये १८. लग्नाच्या पंगतीत तितकेच लोक आजारी पडले तर कोणी मोजतही नाही.

पण एकदा सुरू झालं की बोटीवर ते वेगानं पसरतं, हेही खरं. जानेवारी २०१४ मध्ये ‘एक्सप्लोरर ऑफ द सीज’ या बोटीवर ३,०७१ प्रवाशांपैकी ६३४ आणि ५५ कर्मचारी आजारी पडले आणि सफर आवरती घेऊन बोट न्यू जर्सीला परतली. तीच माणसं, तेच जिन्यांचे कठडे, तीच जेवणघरं आणि रोज तीन-चार वेळा एकत्र खाणं. शिवाय सकाळी एक तुकडी उतरते आणि त्याच दुपारी दुसरी चढते. मधल्या काही तासांत अख्खी बोट निर्जंतुक करायची असते आणि हा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस टिकतो. कर्मचारी तर त्याच बोटीवर पुढच्या सफरीलाही असतात.

तुमचा जानेवारी हा नोरोच्या ऐन हंगामातला महिना आहे. तुमच्या वयात आजारापेक्षा अंगातलं पाणी कमी होण्याचा धोका मोठा. तेव्हा पुढची उत्तरं नीट वाचा आणि मुलालाही वाचायला द्या.

प्रश्न (पुणे) : बोटीवर प्रत्येक जेवणघराच्या दारात सॅनिटायझर असतो. तो चोळला की पुरे ना? नवऱ्याचं म्हणणं आहे की कोरोनात तोच चालला, मग इथे का नाही?

उत्तर : नाही, पुरत नाही. या सदरातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

कोरोनाच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं. अल्कोहोल ते विरघळवतं आणि विषाणू निकामी होतो. नोरोव्हायरसला तसं आवरणच नाही, बाहेर प्रथिनाचं घट्ट कवच आहे. सॅनिटायझरचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. साबणही त्याला मारत नाही, पण साबण आणि चोळणं यांनी तो कातडीवरून सुटतो आणि वाहत्या पाण्याबरोबर जातो. आजारी पडायला विषाणूचे मोजके कण पुरतात आणि आजारी माणसाच्या चिमूटभर विष्ठेत ते अब्जावधी असतात. म्हणून ‘हात धुतल्यासारखं’ करून भागत नाही.

हात ओले करा, साबण घ्या आणि निदान २० सेकंद चोळा. बहुतेकांचे अंगठे, बोटांची टोकं आणि नखांच्या कडा राहून जातात. अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवा, बोटांची टोकं तळहातावर घासा. अंगठी सरकवून खालची जागा धुवा. बांगड्या, घड्याळ कोपराकडे सारा. नखं प्रवासाला निघण्यापूर्वीच बारीक कापा. मग भरपूर पाण्यानं धुऊन कागदी रुमालानं कोरडे करा. ओल्या हाताला घाण लवकर चिकटते. त्याच कागदानं नळ बंद करा, दाराची मूठ धरा आणि बाहेर आल्यावर कागद टाका. एवढं झाल्यावर सॅनिटायझर लावायचा तर लावा, इतर जंतूंसाठी तो चांगलाच आहे. धुण्याऐवजी मात्र तो चालत नाही.

कधी धुता हेही तितकंच महत्त्वाचं. शौचानंतर आणि जेवायला जाताना बहुतेक जण धुतात. चूक होते ती बुफेला. माणूस स्वच्छ हातांनी रांगेत शिरतो, दोनशे जणांनी धरलेला चिमटा धरतो, डाव उचलतो, कॉफी यंत्राची कळ दाबतो, टेबलावर येतो आणि त्याच हातानं पाव मोडतो. आपण तर पोळी, पराठा, पुरी सगळं हातानं खाणारे. म्हणून ताट वाढून घ्या, टेबलावर ठेवा, घरातल्या एकाला तिथे बसवा आणि मग हात धुऊन या. पुष्कळ बोटींवर बुफेच्या दाराशीच हात धुवायची बेसिनं असतात. टेबलावर बसल्यावर मोबाइल हातात घेऊ नका, तो दिवसभर सगळीकडे फिरलेला असतो.

जिन्याचा कठडा तोल सांभाळण्यासाठी धरावाच लागतो, बोट हलत असताना तो सोडू नका. फक्त नंतर तो हात तोंडाकडे न्यायचा नाही. लिफ्टचं बटण बोटाच्या पेरानं दाबा.

एक खास आपल्याकडची गोष्ट. बोटीच्या केबिनमध्ये बहुधा जेट नसतो, म्हणून बरेच जण शौचासाठी पाण्याची बाटली किंवा छोटा मग नेतात. त्यात गैर काही नाही, पण ती बाटली संडासातच राहिली पाहिजे आणि बेसिनच्या नळाला तिचं तोंड टेकता कामा नये. पिण्याच्या बाटलीचंही तसंच : पाण्याच्या यंत्राच्या नळीला तोंड लावून ती भरू नका. स्वच्छ पेल्यात पाणी घ्या आणि पेल्यातून बाटलीत ओता.

प्रश्न (सांगली) : आम्ही पूर्ण शाकाहारी. मासे-मटणातूनच हे होतं ना? आणि बोटीवरचं पाणी प्यावं का?

उत्तर : शाकाहारानं एक धोका नक्की टळतो, तो कच्च्या कालवांचा (ऑयस्टर). २००४ मध्ये अलास्कात क्रूझच्या प्रवाशांना कच्ची कालवं खाऊन व्हिब्रिओ जिवाणूचे जुलाब झाले होते. नोरो मात्र हातांतून येतो. चिरलेली फळं, सॅलड, पाव, केकवरची सजावट, बर्फ असं जे शिजवल्यानंतर किंवा न शिजवता हाताळलं जातं, त्यातून तो पसरतो. २०१२ मध्ये जर्मनीत सुमारे ११ हजार जण आजारी पडले, बहुतेक शाळकरी मुलं. कारण निघालं गोठवलेल्या स्ट्रॉबेरी.

वाफाळतं, समोर शिजवलेलं अन्न सगळ्यांत चांगलं. सीडीसीच्या नियमानुसार बुफेवरचा गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली असावा लागतो. भाजी कोमट लागली तर घेऊ नका, वाढप्याला सांगा. केळं, संत्रं अशी सोलून खायची फळं स्वतः सोला. चटणी-लोणच्याची घरून नेलेली बाटली सगळ्यांनी बोटं घालून वापरू नका, स्वतंत्र चमचा ठेवा.

पाणी निर्धास्त प्या. अमेरिकी देखरेखीतल्या बोटींवर बंदरातून पाणी भरताना निदान २ पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत २ भाग) क्लोरीन ठेवतात आणि सगळ्यांत लांबच्या नळालाही निदान ०.२ पीपीएम उरावा लागतो. त्यासाठी बाटलीबंद पाणी विकत घ्यायची गरज नाही. बंदरावर उतरल्यावर मात्र बर्फ, सरबत आणि कापून ठेवलेली फळं टाळा. किनाऱ्यावरून येणाऱ्या जुलाबांमागे बहुतेकदा ई. कोलाय हा जिवाणू असतो.

प्रश्न (नागपूर) : उलटी झाली तर ती बोट लागल्यामुळे की संसर्गामुळे, हे कसं ओळखायचं?

उत्तर : बोट लागते तेव्हा आधी चक्कर, लाळ सुटणं, घाम असं होतं, आणि आडवं पडलं किंवा समुद्र शांत झाला की बरं वाटतं. जुलाब किंवा ताप येत नाही. नोरोत उलटी अचानक, जोरात होते, पोटात कळा येतात, जुलाब लागतात, अंग दुखतं. समुद्र शांत असताना उलटी झाली तर संसर्गच धरा. शंका असेल तरी संसर्गच धरून वागा.

प्रश्न (नाशिक) : आईला मधुमेह आणि रक्तदाब आहे. बोटीवर तिला जुलाब लागले तर दवाखान्यात कळवावं का? कळवलं तर खोलीत कोंडतात, सगळी सहल वाया जाते, असं ओळखीच्यांनी सांगितलं. गोळ्या देऊन गप्प बसलं तर?

उत्तर : ताबडतोब कळवा आणि चालत दवाखान्यात नेण्यापेक्षा केबिनमधून फोन करा. २४ तासांत तीनदा पातळ शौच झालं, किंवा उलटीबरोबर जुलाब, ताप, कळा, डोकेदुखी, अंगदुखी यांपैकी एक असलं, की तो नोंदायचा रुग्ण. लक्षणं थांबल्यावर निदान २४ तास केबिनमध्ये राहायला सांगतात. नोरोचा जोर एक ते तीन दिवसांत ओसरतो, म्हणजे सात दिवसांतले दोन ते चार जातात. न कळवता आई जेवणघरात गेली तर आणखी कितीतरी लोकांचे तेवढेच दिवस जातात आणि त्यांत तिच्यासारखेच वयस्कर असतात. त्यांच्यावर हा अन्याय आहे, असं आम्ही स्पष्ट म्हणतो. काही कंपन्या जुलाब-उलट्यांच्या तपासणीचे पैसे घेत नाहीत, फोनवरच विचारून घ्या. जेवण केबिनमध्ये येतं.

कळवल्यानं बोटीलाही लवकर हालचाल करता येते. रुग्ण वाढताना दिसले की बुफेचे चिमटे प्रवाशांच्या हातून काढून कर्मचारी वाढायला उभे राहतात, मीठ-मिरीच्या बाटल्या उचलल्या जातात, कठडे आणि मुठी दिवसातून कितीतरी वेळा पुसल्या जातात. पहिले दहा रुग्ण गप्प बसले तर हे सगळं दोन दिवस उशिरा होतं. संसर्ग झाल्यापासून लक्षणं यायला १२ ते ४८ तास लागतात, त्यामुळे त्या दोन दिवसांत पुढची फळी तयार झालेली असते.

केबिनमध्ये उलटी झाली तर टॉवेलनं पुसू नका. टॉवेलनं ती पसरते आणि टॉवेल तुमच्या हातात राहतो. स्ट्युअर्डला, म्हणजे केबिनची सफाई बघणाऱ्या कर्मचाऱ्याला, फोन करा. त्यांच्याकडे हातमोजे, गाऊन, शोषून घेणारी पूड आणि या विषाणूवर चालणारं रसायन असतं. उलटीचे न दिसणारे तुषार लांब उडतात, म्हणून आजूबाजूच्या बऱ्याच मोठ्या परिसराची सफाई करावी लागते. उघडं खाणं, दात घासायचे ब्रश जवळपास असतील तर फेकून द्या. संडासाचं झाकण लावूनच फ्लश करा. शक्य असेल तर आईसाठी वेगळी केबिन मागा. निदान टॉवेल, पेला आणि साबण वेगळे ठेवा.

आता उपचार. ओआरएसची पाकिटं भारतातूनच न्या. मोठं पाकीट १ लिटर पाण्यात, ४.२ ग्रॅमचं छोटं पाकीट २०० मिलीत. पाकीट अर्धं करून अंदाजानं पेल्यात घालू नका, मिठाचं प्रमाण बिघडतं. डबाबंद गोड पेयं त्याऐवजी चालत नाहीत. ओआरएसच्या ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ लिहायला आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली ती याचसाठी. पाकीट नसेल तर १ लिटर पिण्याच्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलट्या होत असतील तर दर दोन मिनिटांनी एक-दोन चमचे. पुन्हा उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत सुरू. प्रत्येक जुलाबानंतर मोठ्या माणसाला पेला-दीड पेला. मधुमेह आहे म्हणून ओआरएसमधल्या साखरेला घाबरू नका, आतड्यातून मीठ-पाणी शोषलं जायला ती लागते. रक्तातली साखर मात्र तपासत राहा.

आईच्या औषधांचं निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्या : जुलाब लागले तर कोणती गोळी थांबवायची? मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी औषधं अंगातलं पाणी कमी झाल्यावर त्रास देऊ शकतात. इन्सुलिन स्वतःच्या मनानं पूर्ण बंद करायचं नसतं. हा कागद पासपोर्टबरोबर ठेवा, बोटीवरच्या डॉक्टरला तो लगेच उपयोगी पडतो.

प्रतिजैविकं नोरोवर चालत नाहीत. घरून नेलेल्या गोळ्यांतून ती सुरू करू नका. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड ताप किंवा शौचातून रक्त असेल तर घ्यायचं नाही आणि लहान मुलांना तर नाहीच. सहा-आठ तास लघवी नाही, उभं राहिल्यावर अंधारी, असंबद्ध बोलणं, शौचात रक्त, ३९ अंशांच्या आसपास ताप किंवा पाण्याचा घोटही न टिकणं, यांतलं काहीही दिसलं की डॉक्टरला केबिनमध्ये बोलवा. शिरेतून सलाइन द्यायची सोय बोटीवर असते.

प्रश्न (न्यू जर्सी) : दीड वर्षाच्या मुलीला बोटीच्या तलावात पोहायला नेता येईल का? तिला स्विम डायपर घालणार आहोत.

उत्तर : नाही. डायपर लावणारी मुलं मुख्य तलावात चालत नाहीत, स्विम डायपर असला तरी. तो पातळ शौच अडवत नाही. काही बोटींवर तान्ह्यांसाठी वेगळी पाण्याची जागा असते, बुकिंगच्या वेळी विचारा.

प्रश्न (म्हापसा) : मुलगा पहिल्यांदाच क्रूझच्या गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, कामाला लागतोय. आजारी पडला तर पगार जाईल म्हणून तो सांगणार नाही, अशी भीती वाटते. त्याला काय समजवावं?

उत्तर : अमेरिकी बंदरांना जाणाऱ्या बोटींवर नियम असा आहे : अन्न हाताळणारा कर्मचारी आजारी पडला की त्यानं लगेच कळवायचं, आणि लक्षणं पूर्ण थांबल्यावर निदान ४८ तास कामावर यायचं नाही. इतर विभागांना हीच मुदत २४ तासांची आहे. दवाखान्यात या नोंदींची वही ठेवलेली असते आणि सीडीसीचे तपासणीस ती बघतात. स्वच्छतेची ही तपासणी न कळवता होते. १०० पैकी ८६ गुण मिळाले तर बोट उत्तीर्ण, ८५ किंवा खाली नापास, आणि गुण जाहीर होतात. त्यामुळे मुलानं लपवलं आणि नंतर उघड झालं तर त्याच्या नोकरीला जास्त धोका. रजेचा पगार कसा मिळतो हे करारात लिहिलेलं असतं, सही करण्यापूर्वी ते कलम वाचून घ्यायला सांगा.

बाकी दोन गोष्टी. कर्मचाऱ्यांच्या केबिनमध्ये बहुधा दोघे असतात, तेव्हा जोडीदार आजारी पडला तरी कळवायचं. आणि हातमोजे घातले म्हणजे हात धुवायचे नाहीत असं नसतं. मोजे घालण्यापूर्वी धुवायचे, काम बदललं की मोजे टाकून पुन्हा धुवायचे. कच्च्या कोंबडीचे मोजे सॅलडवर आले की सगळं मुसळ केरात.

प्रश्न (मुंबई) : मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणाऱ्या बोटींचे गुण कुठे बघायला मिळतात?

उत्तर : सीडीसीच्या यादीत मिळणार नाहीत, कारण या बोटी अमेरिकेला जात नाहीत. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या बोटींना आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार स्वच्छतेचं प्रमाणपत्र लागतं, ते सहा महिने चालतं आणि आपल्याकडे बंदर आरोग्य अधिकारी ते देतात. त्यात गुण नसतात. तुम्ही स्वतः बघायचं ते हे : सार्वजनिक संडासात साबण आणि कागद आहेत का, बुफेचे चिमटे बदलतात का, आणि चढण्यापूर्वी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात का. त्या फॉर्मवर खरं लिहा.

प्रश्न (कोल्हापूर) : भाऊ बोटीवर आजारी पडला, आता बरा होऊन घरी येतोय. घरात आजी आणि बाळ आहे. किती दिवस जपायचं?

उत्तर : लक्षणं थांबल्यावर पहिले ४८ तास त्यानं स्वयंपाकघरात शिरू नये आणि बाळाला भरवू नये. विषाणू शौचातून दोन आठवडे, कधी जास्तही जात राहतो, त्यामुळे तेवढे दिवस साबणानं हात धुण्यात ढिलाई नको. घरात दोन संडास असतील तर एक त्याला द्या.

संडासाची कडी, फ्लशचं बटण, नळ आणि भांडं आधी साबणानं धुवा, मग ब्लीचच्या पाण्यानं पुसा. आपल्याकडचं घरगुती ब्लीच बहुधा ४ टक्क्यांचं असतं. बाटलीवर बघून घ्या. त्याचं २५ मिली घेऊन पाणी घालत १ लिटर करा, म्हणजे १,००० पीपीएमचं द्रावण होतं. उलटी-जुलाब पडलेल्या जागेसाठी १२५ मिली घेऊन १ लिटर. द्रावण दहा मिनिटं तसंच ओलं राहू द्या, मग पाण्यानं पुसा. रोज ताजं बनवा, खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला. संडास साफ करायच्या आम्लाबरोबर ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

बॅगेतले मळलेले कपडे झटकू नका. पिशवीसकट मशिनपाशी न्या, वेगळे धुवा, कपड्याला चालेल तितकं गरम पाणी आणि सगळ्यांत लांबचा कार्यक्रम लावा. पिशवी टाकून द्या आणि मशिनचं दार धरलेले हात धुवा.